अजमलीन हे नाव कुठून आलं?

मधुरा: जर्मनीत भावाला ब्रुगाडाच्या (हृदयाचे ठोके बिघडवणारा आनुवंशिक आजार) संशयावरून अजमलीन हे औषध देऊन ईसीजी काढला. नाव आपल्याकडचं वाटतं?

निवृत्त_फार्मासिस्ट: आपल्याकडचंच! रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दिकींनी १९३१ साली दिल्लीत सर्पगंधेच्या मुळांतून वेगळं केलं आणि त्यांना या संशोधनाला लावणारे युनानी वैद्य हकीम अजमल खान यांचं नाव दिलं. हकीमसाहेब १९२७ मध्येच गेले होते. गुरुदक्षिणाच म्हणा. सिद्दिकी पुढे पाकिस्तानात गेले, मग इकडे त्यांची आठवण कोण काढणार!

मधुरा: सर्पगंधा बीपीसाठी ना, काका?

निवृत्त_फार्मासिस्ट: ते रिसर्पीन. मुळं तीच, पण ते १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सीबा या औषध कंपनीत सापडलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी त्याआधीच, १९४९ मध्ये, बीपीवरचे सर्पगंधेचे अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले होते. अजमलीन हृदयपेशींतले सोडियमचे मार्ग अडवतं. त्यामुळे लपलेला ब्रुगाडा ईसीजीत उमटतो.

सुहास_डोंबिवली: मुळं घरी उकळू नका म्हणजे झालं.