मदत हवी आहे: सिकलसेलच्या निधीसाठी एव्हरेस्ट बेस कॅम्प, पण आमच्यातलाच एक जण वाहक आहे

नमस्कार मंडळी,

मी शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं एव्हरेस्ट बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) निघालोय. त्या निमित्ताने धडगाव-अक्कलकुवा भागातल्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या पोरांसाठी पैसे जमवतोय. जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा खर्च आपापल्या खिशातून. हे आधीच सांगतो, कारण गावातही पहिला प्रश्न हाच आला.

पैसे कशाला? तपासण्या होतात, २०२३ पासून केंद्राची मोहीमही सुरू आहे. अडतं ते पाड्यावरून नंदुरबारच्या दवाखान्यात पोचण्यात. गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातली आठवीची एक मुलगी प्रार्थनेच्या रांगेत खाली बसली. दोन्ही गुडघे स्वेटरच्या आत ओढून घेतले आणि आवाज न करता रडत राहिली. थंडी वाजली, पाणी कमी पडलं की हे दुखणं उसळतं. जीप मिळेपर्यंत दुपार झाली होती. म्हणून जीपचं भाडं आणि जाड ब्लँकेटं, एवढाच हिशोब आहे. १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनी, शाळेत जाहीर केलं आणि लोक आपणहून द्यायला लागले.

आता खरी अडचण. आमच्यातला सगळ्यात चपळ गडी माझा जुना विद्यार्थी आहे, वय २३. दर दिवाळीला अस्तंब्याची यात्रा करतो, तोरणमाळचा घाट पाठीवर दहा किलो ज्वारी घेऊन चढतो आणि वर पोचून आमची वाट बघतो. तो सिकलसेलचा वाहक आहे, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला. आजारी नाही, कधी गोळी घेतलेली नाही. पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोजच्या जगण्यात वाहकाला त्रास नसला, तरी उंचावर प्राणवायू कमी झाला की त्याच्याही पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेचा (डाव्या बरगडीखालचा अवयव) रक्तपुरवठा तुटू शकतो. धडधाकट वाहकांनाही असं झालेलं आहे. डाव्या बरगडीखाली जोराचं दुखलं तर पोट बिघडलंय असं समजायचं नाही, लगेच खाली आणायचं.

त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "सर, माझ्यासारख्यांसाठी चालताय आणि मीच खाली राहू?" मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणी वाहक असून ३,५०० मीटरच्या वर राहून आलंय का? रक्तविकारतज्ज्ञांकडे नेणारच आहोत, पण त्यांना नेमकं काय विचारायचं, कुठल्या तपासण्या करून न्यायच्या, हे कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. वाटेतल्या नामचे गावापर्यंत (३,४४० मीटर) तो आमच्याबरोबर आला आणि तिथून परतला, तर ते तरी सुरक्षित आहे का?

दुसरं, पैशाचं. एका पपईवाल्या शेतकरीदादांनी बाजारात हात धरून सांगितलं, "मास्तर, मीटरले एक रुपया." ते ऐकून आणखी बऱ्याच जणांनी तसंच कबूल केलं. तेव्हा आनंद झाला, पण रात्री झोप येईना. ४,४०० वर कुणाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तर उरलेले मीटर म्हणजे पोरांचे पैसे असं मनात येणार आणि तो वर रेटणार. विरळ हवेत हाच विचार माणसाला मारतो. आधीच्या कुणी हे कसं हाताळलं?

देणग्या ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) असलेल्या संस्थेच्या खात्यावर थेट घेतोय. रोख २,००० च्या वर असेल तर करसवलत मिळत नाही, हेही सांगतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या एका मित्राला नाही म्हणावं लागलं, कारण संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची परवानगी, नाही. वाईट वाटलं.

बाकी छोटं. एक एजन्सी वाटेतल्या डिंगबोचे गावातला, उंचीची सवय होण्यासाठीचा जादा मुक्काम कापून सहल स्वस्तात देतेय. ३,००० च्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं वाचलंय, म्हणून मी नको म्हणणार आहे. बरोबर करतोय ना? आमच्यातल्या एकाला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, त्याने डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी, तीही सल्फा गटातली) काय करावं? आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आम्हा लोकांना उणे दहाची सवय कशी करायची, हे कुणी खान्देशातून गेलेल्याने सांगावं.

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार. मीटरचा हिशोब बंद केला. शेतकरीदादांकडे स्वतः गेलो आणि सांगितलं, द्यायचं ते निघायच्या आधी द्या, आम्ही कुठूनही परतलो तरी ते पोरांचंच. त्यांनी तिथल्या तिथे ५,३६४ रुपये मोजून दिले. आकडा पाठ होता त्यांना. रोख असल्याने करसवलत मिळणार नाही म्हटलं, तर हात हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

विद्यार्थ्याची रक्तविकारतज्ज्ञांकडची वेळ पुढच्या सोमवारची आहे. त्याआधी प्रश्नांची यादी हवीय, काही सुचलं तर लिहा.