मदत हवी आहे: माझ्या आत्ताच्या निकॉन लेन्स चालतील अशी स्वस्तातली जुनी फिल्म बॉडी कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज अडले म्हणून धागा काढतेय. मी साताऱ्याची, शाळेत शिकवते, फोटोग्राफी हौस म्हणून पण मनापासून करते. डिजिटलला डी७५० आहे आणि गेली दोन वर्षं ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरीच डेव्हलप करायला शिकलेय. आत्तापर्यंत एका मैत्रिणीचा कॅमेरा वापरत होते, तो आता तिला परत हवाय. यंदा वारीत फिल्मवर काम करायचंय, लोणंद ते फलटण, म्हणजे नीरेनंतरचा टप्पा आणि चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. त्यासाठी स्वतःची बॉडी घ्यायचीय, सेकंड हॅण्डच, बजेट आठ हजार, फार तर दहा.

आता अडचण सांगते. गेल्या महिन्यात मामांकडून त्यांचा एफएम२ (जुना, सगळं हाताने लावायचा निकॉन फिल्म कॅमेरा) मागून आणला. त्यांच्या लेन्सला आतून बुरशी लागलेली म्हणून मी माझी ५० एमएम १.८ जी लावली, ती खट् करून व्यवस्थित बसली, व्ह्यूफाइंडरमधून छान दिसत होतं, उजेड मोजणाऱ्या मीटरचे दिवे पण लागत होते, मग मला शंका यायचं कारणच नव्हतं ना. एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा अख्खा रोल राजवाड्याजवळच्या बाजारात संध्याकाळच्या उजेडात काढला. डेव्हलप करून टँकमधून बाहेर काढला तर जवळजवळ पूर्ण पारदर्शक, ३६ पैकी चार-पाच फ्रेमवर काहीतरी पुसट. आधी वाटलं केमिकल गेलं. मग शोधाशोध केल्यावर कळलं की जी लेन्सला अपर्चर रिंगच (उजेड आत येण्याचं भोक लहान-मोठं करायची कडी) नसते, त्यामुळे एफएम२ सारख्या बॉडीवर बटण दाबलं की दरवेळी ती एफ/१६ पर्यंत, म्हणजे अगदी लहान भोकापर्यंत, बंद होते आणि मीटरला तर लेन्सवर काय चाललंय ते समजतच नाही. एक म्हातारे आजोबा होते त्या रोलमध्ये, लसूण निवडत बसलेले, फार सुंदर चेहरा, ते गेले याचं अजून वाईट वाटतंय.

तर ज्याला विचारावं तो म्हणतो एफएम२ घे, एफई२ घे, एफ३ घे. चांगलेच असतील, पण माझ्याकडच्या लेन्सचं काय? मला नव्याने लेन्स घेणं शक्य नाही. माझ्याकडे आहेत त्या अशा: ५० एमएम १.८ जी, २४-१२० एफ/४ जी व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी), आधीच्या कॅमेऱ्याची ३५ एमएम १.८ जी डीएक्स (छोट्या सेन्सरसाठीची), आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेली ७०-३०० एएफ-पी, ती फुल फ्रेमवाली, नावात शेवटी ई आहे. यातल्या जास्तीत जास्त लेन्स ऑटोफोकससकट चालतील अशी बॉडी हवी. चष्मा आहे आणि गर्दीत, पावसात हाताने फोकस करणं मला जमत नाही हे अनुभवाने सांगतेय. आणखी एक, मी १०० फुटी रोल आणून स्वतः कॅसेट भरते (साधारण १८ रोल निघतात, बरंच स्वस्त पडतं), त्याचा काही प्रश्न येतो का?

ऑनलाइन बघितलं तर एफ५५, एफ६०, एफ६५, एफ७५, एफ८०, एफ९०एक्स, एफ१०० असे नुसते आकडे दिसतात, सगळे काळे प्लॅस्टिकचे, सगळे सारखेच दिसतात, विकणारे सगळे म्हणतात "वर्किंग कंडिशन". कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही प्रश्न बरोबर बाजूने विचारलाय. लोक आधी बॉडी ठरवतात आणि मग लेन्सपाशी अडकतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच आहे, त्यामुळे जवळपास काहीही कशावरही बसतं, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो, कारण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

तुमच्या लेन्सपासून सुरुवात करू. ७०-३०० एएफ-पी विसरून जा, कुठल्याच फिल्म बॉडीवर चालणार नाही, एफ६ वर सुद्धा नाही. एएफ-पी ची फोकसची मोटर जुन्या बॉडीला चालवता येत नाही, आणि हाताची रिंग पण इलेक्ट्रॉनिकच असल्यामुळे फिरवून उपयोग नाही. वर ती ई लेन्स आहे, म्हणजे अपर्चर विजेवर चालतं. फिल्म बॉडी अपर्चर एका छोट्या दांडीने हलवते, ती दांडी ढकलायला ई लेन्समध्ये काही नसतंच. इतर ई लेन्स निदान पूर्ण उघड्या अपर्चरला तरी वापरता येतात, ही तेवढीही नाही.

५० जी आणि २४-१२० जी मात्र झकास चालतील, फक्त अशी बॉडी हवी जी एएफ-एस ची (या लेन्सच्या आतली फोकसची) मोटर चालवते, व्हीआर चालवते आणि अपर्चर बॉडीवरून बदलू देते. तिन्ही गोष्टी एकत्र असलेल्या म्हणजे एफ५, एफ१००, एफ८०, एफ७५, एफ६५ आणि एफ६. पैकी एफ५ आणि एफ६ तुमच्या बजेटबाहेर. एफ५५ आणि एफ६० च्या वाटेला जाऊ नका, एएफ-एस लेन्सला ऑटोफोकस मिळणार नाही. एफ९०एक्स दणकट आहे आणि एएफ-एस चालतं, पण व्हीआर नाही आणि जी लेन्स लावल्यावर फक्त पी आणि एस मोड मिळतात, अपर्चर तुम्हाला ठरवता येत नाही. बजेट बघता माझं मत सरळ एफ८०.

प्रतिसाद २

एफ८० ला अनुमोदन, पण एफ७५ का नको तेही सांगतो कारण तो आणखी स्वस्त मिळतो आणि हलका आहे म्हणून मोह होतो. मी दोन्ही वापरलेत. तुम्ही स्वतः कॅसेट भरता ना, तिथे एफ७५ आणि एफ६५ अडतात. कारखान्यातून आलेल्या कॅसेटवर जे चंदेरी-काळे चौकोन असतात तो डीएक्स कोड (डीएक्स लेन्सशी याचा संबंध नाही), त्यावरून कॅमेरा आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते, वाचतो. हे दोन कॅमेरे आयएसओ हाताने लावूच देत नाहीत, आणि कोड नसलेली कॅसेट घातली की १०० धरून चालतात. म्हणजे तुमची ४०० ची फिल्म दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त एक्सपोज होणार. मी एके काळी ४०० च्या जुन्या कॅसेट जपून ठेवून त्याच परत परत भरायचो, चालतं तसंही, पण त्या किती दिवस पुरणार, तोंडाची मखमल झिजते आणि मग उजेड शिरतो. एफ८० ला आयएसओ हाताने लावता येतो, विषय संपला.

शिवाय एफ८० ला पुढे-मागे दोन चाकं आहेत डी७५० सारखी, हात आपोआप जातो. शटर १/४००० पर्यंत, एफ७५ चं १/२०००. व्ह्यूफाइंडरमध्ये हव्या तेव्हा आडव्या-उभ्या रेषा आणता येतात, उभ्या रिंगणात ओळ सरळ ठेवायला मला त्यांचा खूप फायदा झालाय.

वाईट बाजू: सीआर१२३ए बॅटरी दोन लागतात, त्या गावाकडच्या दुकानात मिळत नाहीत. व्हीआर ची वीज पण बॉडीतूनच जाते. वारीला निघताना दोन जोड्या जास्तीच्या ठेवा. किंवा एमबी-१६ ग्रिप मिळाली तर तिच्यात साधे चार पेन्सिल सेल बसतात, ते कुठल्याही टपरीवर मिळतात.

प्रतिसाद ३

थोडं वेगळं मत. कॅननचा विचार का नाही? ईएफ माउंट १९८७ ला आला तेव्हापासूनच पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे, लेन्समध्येच मोटर, लेन्समध्येच अपर्चर, त्यामुळे हा जी-ई-पी चा घोळच नाही. माझी २०१५ सालची ५० एमएम एसटीएम माझ्या ईओएस ३० वर, जो २००० सालचा आहे, कालच घेतल्यासारखी चालते. फक्त ईएफ-एस (छोट्या सेन्सरच्या डिजिटलसाठीच्या) बसत नाहीत, आणि मिररलेसच्या आरएफ तर नाहीच. बॉडी आणि ५० एमएम मिळून तुमच्या बजेटच्या आसपास बसेल.

ज्यांच्याकडे कॅननच्या लेन्स आहेत त्यांनी हा धागा वाचला तर एक लक्षात ठेवा, ईओएस ६५०, ६२०, ६०० या अगदी सुरुवातीच्या बॉड्यांमध्ये शटरच्या आतला फोम विरघळून पात्यांवर काळा चिकट थर येतो. मागचं झाकण उघडून शटरची पाती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. कॅननचं पटतंय पण २४-१२० माझी रोजची लेन्स आहे, वारीत ती सोडून फक्त ५० वर राहायची तयारी नाही, गर्दीत मागे सरकायला जागा नसते हो. एएफ-पी चं ऐकून वाईट वाटलं, पण आधी कळलं ते बरं झालं.

एफ८० नक्की केला. एकाने साडेसहा हजार सांगितलेत, पुण्यात आहे, प्रत्यक्ष बघायला बोलावलंय. दुसरीकडे एफ१०० अठरा हजाराला आहे, तो विषयच नाही. आता बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू? मामांच्या कॅमेऱ्यासारखी पुन्हा फसगत नको. आणि ३५ डीएक्स चं राहिलंच.

प्रतिसाद १

३५ डीएक्स बसेल, चालेल, फक्त कोपरे काळे येतील. काही लोकांना ते आवडतं. मला विचाराल तर ५० लावा.

तपासायला जाताना डी७५०, ५० एमएम, नव्या बॅटऱ्या आणि एक वाया घालवायचा रोल घेऊन जा. आधी रोल न घालता मागचं झाकण उघडा, एम मोडला (सगळं हाताने लावायचा) एक सेकंद आणि एफ/१६ लावा, बटण दाबून मागून उजेडाकडे बघा. छोटंसं भोक दिसलं पाहिजे. मग १.८ लावून तेच करा, पूर्ण गोल दिसला पाहिजे. एवढ्याने कळतं की दांडी नीट हलतेय. तुमच्या त्या एफएम२ वर हे केलं असतं तर १.८ ला सुद्धा छोटंच भोक दिसलं असतं.

मग मीटर. दोन्ही कॅमेऱ्यांना तीच लेन्स आळीपाळीने लावा, दोन्हीकडे आयएसओ ४००, एफ/८, ए मोड (अपर्चर आपण, शटर कॅमेरा ठरवतो), सेंटर वेटेड (मधल्या भागावर भर देणारं) मीटर, आणि एकाच साध्या भिंतीवर रोखा. शटर स्पीड अर्ध्या स्टॉपच्या आत जुळला तर निगेटिव्हला काही फरक पडत नाही. शेवटी वाया जाणारा रोल घालून ३६ फ्रेम उडवा, शेवटाला आपोआप गुंडाळला गेला पाहिजे. शटरच्या पडद्याला बोट लावू नका आणि त्यालाही लावू देऊ नका.

प्रतिसाद ४

मागच्या झाकणावरचं रबर चिकट झालेलं असेल, त्या काळातल्या बऱ्याच निकॉन बॉड्यांचं होतं, घाबरू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं घेऊन तासभर बसलं की निघतं. त्यावरून पाचशे-हजार कमी मात्र करून घ्या. व्ह्यूफाइंडरमध्ये बुरशीची जाळी दिसली तर सोडून द्या, विशेषतः कॅमेरा कोकणातून आलेला असेल तर. आणि पुढे कधी जुन्या रिंगवाल्या मॅन्युअल लेन्स घ्यायचा विचार असेल तर लक्षात असू द्या, एफ८० त्यांच्यावर मीटर देत नाही, एफ१०० देतो.

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, शाळेच्या कामात अडकले होते. रविवारी जाऊन एफ८० घेतला, पाच हजार आठशेला पडला. झाकण चिकट होतंच. भोकाची परीक्षा केली तेव्हा विकणारे काका सुद्धा वाकून बघायला लागले, त्यांना म्हणे हे माहीतच नव्हतं. मीटर डी७५० पेक्षा जेमतेम एक तृतीयांश स्टॉप जास्त उजेड देतोय, मला चालेल. वाया घालवायचा रोल मध्ये एकदाही न अडखळता शेवटापर्यंत गेला आणि गुंडाळला गेला. व्हीआर चालू झाल्याचा तो बारीक आवाज फिल्म कॅमेऱ्यात ऐकला तेव्हा खरं सांगते, अंगावर काटा आला.

काल पहिला खरा रोल काढला, स्वतः भरलेला एचपी५, आयएसओ हाताने ४०० ला. डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, ११ मिनिटं, २० अंशांना. नळाचं पाणी सध्या फार कोमट येतंय म्हणून माठातलं पाणी आणि थोडा बर्फ असं जमवलं. आत्ता बाथरूमच्या दोरीवर वाळत घातलाय, सगळ्या फ्रेम दाट आणि स्वच्छ आहेत. त्याच बाजारात परत गेले होते. लसूणवाले आजोबा त्याच जागी भेटले, दोन फ्रेम २४-१२० ने आणि एक ५० ने.

ज्यांनी बॅटरीचं सांगितलं त्यांना विचारायचं होतं, एमबी-१६ लावल्यावर रिचार्जेबल पेन्सिल सेल चालतात का, की साधेच घ्यायचे? निघायला अजून तीन आठवडे आहेत.