डोमेनच्या नोंदीत घरचा पत्ता उघडा पडलाय, मदत हवी आहे

मंडळी,
मी टोपणनावाने लिहितो. गेल्या आठवड्यात त्याच नावाने डॉट कॉम डोमेन (वेबसाइटचं नाव) घेतलं. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, मोबाइल सगळं खरं भरलं. पैसे भरताना 'प्रायव्हसी प्रोटेक्शन'वर (नोंदीतली माहिती झाकणारी सेवा) टिक होती, ती उगाच गळ्यात मारतायत असं वाटून काढली. इथेच माती खाल्ली. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू: "सर, वेबसाइट बनवून देऊ का?" हूइजवर (डोमेन कोणाचं ते दाखवणारी सार्वजनिक नोंद) बघितलं तर फ्लॅट नंबरासकट पत्ता! २०१८ च्या जीडीपीआरनंतर (युरोपचा खासगी माहितीचा कायदा) हे सगळं झाकतात ना? आता प्रायव्हसी चालू केली तर पुसलं जाईल का? की सरळ खोटा पत्ता टाकू?

प्रतिसाद १
खोटा पत्ता अजिबात नको. मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचं उघड झालं तर आयकॅनच्या (डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) नियमांनुसार डोमेन बंद होऊ शकतं. शिवाय उद्या कोणी ते ढापलं तर मालक तुम्हीच हे कशाच्या जोरावर सांगणार?
जीडीपीआरचं म्हणाल तर माहिती झाकण्याची सक्ती युरोपातल्या ग्राहकांपुरती आणि युरोपातल्या कंपन्यांपुरती आहे. बाकीच्यांची झाकायची की नाही हे रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, ठरवतो. बरेच जण सगळ्यांचीच झाकतात, तुमचा त्यातला दिसत नाही. प्रायव्हसी आत्ताच चालू करा, त्यांच्या साइटवर तुमच्या खात्याच्या पॅनेलमध्येच सापडेल. राज्य आणि देश तरीही दिसू शकतात. आणि अटी वाचा: काही सेवांत फक्त पत्ता-फोन बदलतो, नाव तुमचंच राहतं. प्रॉक्सी सेवेत नोंदीवर कंपनीचं नाव येतं, म्हणजे कागदोपत्री मालक ती.

प्रतिसाद २
नवी नोंद झाकली जाईल, पण जुन्या नोंदींच्या प्रती साठवून विकणाऱ्या साइट आहेत. तिथे गेलेलं परत येत नाही असंच धरून चाला. विनंती करून बघा, काही जण काढतात.
आणखी एक जागा सहसा कोणी बघत नाही: डीएनएसमधली (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी यंत्रणा) एसओए नोंद, म्हणजे डोमेनची मूळ तांत्रिक नोंद. तिथे एक ईमेल असतो, @ च्या जागी टिंब घालून लिहिलेला. स्वतःचा सर्व्हर चालवत असाल तर तिथे तुमचाच असू शकतो.
साइट अजून सुरू केली नसेल तर हे डोमेन सोडा. दुसरं घ्या, पहिल्या मिनिटापासून प्रायव्हसी लावून. डॉट यूएस (अमेरिकेचं डोमेन) मात्र घेऊ नका, तिथे प्रायव्हसीला परवानगीच नाही.

धागाकर्ता
चालू केली. ईमेलच्या जागी आता लांबलचक अगम्य पत्ता दिसतो. त्यावर चाचणी मेल टाकला, तो माझ्याच इनबॉक्सात आला. पण एका साइटवर जुनी नोंद अजून जशीच्या तशी आहे, त्यामुळे नवं डोमेन घेतोय. जुनं नव्याकडे वळवून ठेवू का?

प्रतिसाद २
अहो, नको! जुन्या डोमेनला तुमचं नाव चिकटलंय. ते नव्याकडे वळवलंत की माग काढणाऱ्याचं काम तुम्हीच करून दिलंत. रिकामं पडू द्या.