गोगलगायीतील नव्या सर्केरियाला नाव कधी द्यावे?

प्रश्न: गोड्या पाण्यातील गोगलगायी वेगवेगळ्या काचपात्रांत ठेवून प्रकाश दिला असता काहींमधून दुभंगलेल्या शेपटीच्या सर्केरिया, म्हणजे पर्णकृमी या परजीवी चपट्या कृमींच्या पोहणाऱ्या अळ्या, बाहेर पडल्या. प्रौढ पर्णकृमी हाती नसताना त्यांना नवी प्रजाती म्हणावे का?

उत्तर १: घाई नको. ‘सर्केरिया’ हे समूहनाम लावून पूर्वी वर्णिलेल्या कितीतरी अळ्या प्रौढ रूपाशी कधी जोडल्याच गेल्या नाहीत, आणि त्या नावांचा गुंता आजही निस्तरावा लागतो. ज्वालापेशींची (उत्सर्जनाच्या सूक्ष्म पेशींची) मांडणी जिवंत अळीतच नीट दिसते, त्यामुळे अळी आधी न्यूट्रल रेड या रंगद्रव्याने रंगवून पाहावी. मोजमापे मात्र गरम फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केलेल्या अळ्यांची घ्यावीत. गोगलगायीच्या आत सर्केरिया तयार करणाऱ्या अवस्थांपैकी रेडिया (तोंड-आतडे असलेल्या) आहेत की स्पोरोसिस्ट (ते नसलेल्या पिशव्या)?

प्रश्नकर्ता: केवळ स्पोरोसिस्ट आहेत. अळीला दोन नेत्रबिंदू आहेत, पण ग्रसनी (घशाचा स्नायुमय भाग) दिसत नाही.

उत्तर २: मग हातमोजे घालाच, कारण ही लक्षणे पक्ष्यांच्या शिस्टोसोमांशी (रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या पर्णकृमींशी) जुळतात आणि त्यांच्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरून खाज आणतात. प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २८एस आणि सीओआय जनुकांचे डीएनए क्रम मिळेपर्यंत, माझ्या मते, ‘प्रकार १’ एवढेच लिहावे.