'फ्लोट'ला मराठीत काय म्हणावं? सवड, वाव की आणखी काही

चिरेबंदी:
नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडलंय, म्हणून आले. बांधकाम व्यवस्थापनात एम.टेक. करतेय. विषय: लहान इमारतींची कामं का रखडतात. या अभ्यासाची वाट मळलेली आहे. कारणांची यादी करायची, लोकांना प्रत्येक कारणापुढे १ ते ५ गुण द्यायला सांगायचे आणि त्यावरून कारणांचा क्रम लावायचा. असाफ आणि अल-हेज्जी यांनी सौदी अरेबियातल्या मोठ्या कामांचा असा अभ्यास २००६ साली छापला, त्यात ७३ कारणं निघाली. पण त्यांनी विचारलं मालकांना, सल्लागारांना आणि कंत्राटदारांना. मला विचारायचंय राजापूर-लांज्याकडच्या मुकादमांना. म्हणजे प्रश्नावली मराठीत हवी, आणि तीही साइटवर उभ्याउभ्या वाचता येईल अशी.

बाकी जमलं, 'फ्लोट'पाशी गाडी अडली. समजा, चिऱ्याच्या भिंती चढायला १८ दिवस आणि संडासाच्या टाकीला ११ दिवस. दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू होतात आणि दोन्ही झाल्याशिवाय प्लंबर येत नाही. म्हणजे टाकी ७ दिवस मागे पडली तरी कोणाचं काही अडत नाही. हे ७ दिवस म्हणजे फ्लोट. भिंतींना फ्लोट शून्य.

पहिल्या प्रतीत मी 'तरंगता काळ' लिहिलं. लांज्याच्या एका मुकादमांनी कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "बाय, होडीचा काम हाय काय?" दुसऱ्या प्रतीत 'सवड' केलं, तर दुसरे काका तडकले. "सवड सायबाला असते. आमी सकाळी घमेला उचलला की दिवस बुडंस्तवर सवड नाय." आणि त्या पानावरच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी रागाने १ दिला. आता तो १ विलंबाच्या कारणांना दिला की माझ्या शब्दाला, ते मी कसं ठरवू? सर म्हणाले, मराठी मजकूर दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून बघ. केला. 'सवड' परत आली ती 'लेझर टाइम', म्हणजे फुरसतीचा वेळ होऊन.

बंदरकर:
तरंगता काळ! आमच्या बाजूक फ्लोट म्हणजे जाळ्याचो बोयो. मुकादमाचा काय चुकला?

माझा मत विचारशात तर 'वाव'. दर्यार वाव हा माप असा. दोनय हात पसरून जितका होता तितका, सहा फूट धरा. होडयेखाली किती वाव पाणी असा ता बघूनच होडी खाडयेत घालूची. पाणी असा तवसर चिंता नाय, संपला की होडी रेवयेक लागली. तुमचा फ्लोट ह्याच ना?

शब्दवेल्हाळ:
बंदरकर, चित्र सुंदर आहे, पण दोन शब्दांची सरमिसळ होतेय. 'सुधारणेला वाव आहे' यातला वाव पुल्लिंगी, अर्थ जागा. खोली मोजायची ती वांव स्त्रीलिंगी, तिच्यावर अनुस्वार असायचा. प्रश्नावलीत असा दुहेरी शब्द घालू नये. मी 'कालावकाश' सुचवतो. एकवट शब्द आहे, आणि अवकाश म्हणजे मोकळी जागा हे प्रत्येक मराठी माणसाला कळतं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, तिथूनच त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. 'दिनांक', 'महापौर' यांनाही लोक आधी हसले होते.

आगोटकर:
कालावकाश ऐकून मुकादम आकाशाकडे बघेल, पाऊस येतोय की काय म्हणून.

शब्दवेल्हाळ:
हसा. 'दिनांक' तुम्ही रोज लिहिता.

आगोटकर:
लिहितो. बोलताना मात्र तारीखच विचारतो. तुमची कुठली म्हणून आजवर कोणी 'दिनांक' सांगितलाय मला?

निवृत्त ओव्हरसियर:
मी कोकण रेल्वेच्या काळात एका मोरीच्या कामावर मापं घेत असे. फ्लोट म्हणजे काय ते त्या रेल्वेने अख्ख्या कोकणाला दाखवलं. रूळ पडले, पूल झाले, गाडी सावंतवाडीपर्यंत येऊन उभी राहिली, आणि पेडण्याच्या बोगद्यातली मऊ माती काही ऐकेना. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खडकातला, तो झाला. हा लहानसा, चिखलाचा, तो ढासळत राहिला. २६ जानेवारी १९९८ला सगळा मार्ग खुला झाला तो या मातीने सोडल्यावर. त्या बोगद्याला फ्लोट शून्य, उरलेल्या मार्गाला हवा तेवढा.

आम्ही याला कुठलाच शब्द वापरत नसू. साहेब 'फ्लोट' म्हणायचे आणि पेटीवाले म्हणायचे 'चालतंय'. 'टाकीचं काय?' 'चालतंय अजून आठ दिवस.' ताई, 'चालतंय' घाला प्रश्नावलीत.

हापूसप्रेमी:
पेटीवाले? आंब्याचे?

निवृत्त ओव्हरसियर:
पेटी कंत्राटदार हो. मोठ्या कंत्राटदाराकडून छोटा तुकडा घेणारा. आमच्या मोरीवर असे तिघं होते. एकाकडे खोदाई, एकाकडे सेंट्रिंग, एकाकडे काँक्रीट.

हापूसप्रेमी:
अच्छा! मग हा शब्द आमच्याकडूनच गेला असणार. देवगडात व्यापारी मोहोराच्या आधी बागायतदाराला आगाऊ पैसे देतो, मग हंगामात पेट्या त्याच्याकडेच जातात. छोटा कंत्राटदारही आगाऊ रक्कम घेऊनच काम उचलतो. तसा तो पेटी कंत्राटदार.

आगोटकर:
मी ऐकलंय की लाखाला पेटी म्हणतात त्यावरून. लाखभराचं काम घेणारा तो पेटीवाला, कोटीचं घेणारा खोकेवाला.

शब्दवेल्हाळ:
अहो, 'पेटी' हा इंग्रजी 'पेटी' आहे, किरकोळ या अर्थाचा! 'पेटी कॅश' म्हणतात तोच. सरकारी आणि रेल्वेच्या कागदांत 'पेटी कॉन्ट्रॅक्टर' सर्रास असायचा, तिथून तोंडी उतरला. आणि आपल्याकडे अस्सल शब्द असताना हे कशाला? पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू, तसा पोटकंत्राटदार.

हापूसप्रेमी:
पोटकंत्राटदार म्हणजे पोटावर काम करणारा वाटतो.

निवृत्त ओव्हरसियर:
तसाच असायचा बहुतेक वेळा. 😀 आमच्यातला सेंट्रिंगवाला स्वतःच्या बिलावर सही करायचा 'पेटी काँट्रॅक्टदार' अशी, आणि शेजारी खरोखरीची पेटी काढायचा, हत्यारांची. करवत, हातोडी, ओळंबा सगळं तीत. त्याला विचारलं असतं तर त्याने चौथी व्युत्पत्ती सांगितली असती.

घाटमाथा:
आमच्याकडे मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. कोकणातल्या मित्राकडे 'मेस्त कुठे आहे' असं ऐकलं आणि मी भिंतीपाशी जाऊन गवंड्याला हाक मारली. तर मेस्त म्हणजे सुतार.

बंदरकर:
मेस्त सुतारच! गवंडी तो गवंडी. मेस्त पोर्तुगीज, पगार पोर्तुगीज, बोयोय पोर्तुगीज. मुकादम अरबी. शब्दवेल्हाळांनी शुद्ध करूक घेतला तर आमच्या साइटीर फक्त चिरो रवतलो.

शब्दवेल्हाळ:
शुद्धी म्हणजे रुळलेले शब्द उपटणं नव्हे. नवा शब्द करताना आपल्या मुळातून करावा, एवढंच म्हणतोय. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश कशासाठी आहेत? ते न उघडता प्रत्येकजण मच्छीमाराला आणि सेंट्रिंगवाल्याला विचारत सुटला तर एका प्रबंधातला शब्द दुसऱ्याला कळणार नाही.

चिरेबंदी:
मला मुकादमालाच विचारायचंय हो, तोच तर प्रबंध आहे. आणि गंमत बघा, या क्षेत्रातल्या संशोधनाने त्याला फार उशिरा विचारलं. क्रिटिकल पाथची, म्हणजे शून्य फ्लोटच्या कामांची साखळी शोधून आराखडा करायची रीत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँटच्या रासायनिक कारखान्यांसाठी निघाली, तिथून बांधकामात आली. आराखडा ऑफिसात व्हायचा. पुढे ग्लेन बॅलर्ड यांनी 'लास्ट प्लॅनर' मांडला, त्यावर २००० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात पीएच.डी. केली. त्यांचं म्हणणं साधं आहे. उद्या कोण काय करणार हे ठरवणारा शेवटचा माणूस साइटवरचा, त्याच्या तोंडून वायदा घ्या. आराखड्यात 'करायला हवं' असतं, सामान-माणसं बघून 'करता येईल' ठरतं, मुकादम म्हणतो 'करू', आणि आठवड्याच्या शेवटी बघायचं 'केलं' किती.

त्याचं भाषांतर मी 'शेवटचा नियोजक' केलं होतं. आईने वाचलं आणि म्हणाली, कोण गेलं?

आगोटकर:
हा हा. आणि कोकणात 'करू'चा अर्थ 'बघू' होतो, 'बघू'चा 'नाही'. बॅलर्डसाहेबांना सांगा.

कागदोपत्री:
मी कंत्राटांच्या दाव्यांचं काम करतो. इथे सगळे शब्दाचं रूप बघताहेत, पण फ्लोटचा मालक कोण याचा विचार कोणी केला नाही, आणि शब्द त्यावरच पडतो. मालकाने नकाशा द्यायला सात दिवस लावले आणि टाकीचे सातही दिवस खाल्ले. मग गवंडी आजारी पडून आणखी दोन दिवस गेले. आता उशीर कोणामुळे? कंत्राटदार म्हणतो, ते सात दिवस माझे होते. मालक म्हणतो, कामाचे होते, ज्याला आधी लागले त्याने घेतले. विलंबाच्या अभ्यासातला हा जुना वाद आहे. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने २००२ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा कल असा: करारात वेगळं लिहिलं नसेल तर फ्लोट कोणा एकाचा नाही, प्रकल्पाचा.

'सवड' म्हटलं की ती माणसाची होते, म्हणून तुमचे काका चिडले. 'वाव' जागेचा, 'चालतंय' कोणाचाच नाही. ताई, तुम्हाला यातलं नेमकं काय विचारायचंय?

आगोटकर:
हे पटलं. आमच्या सुपारीच्या बागेत पाटाचं पाणी येतं. वरच्याने पाळीपेक्षा जास्त घेतलं की शेपटाकडच्याला चिखल. पाण्यावर नाव कोणाचंच नाही, भांडण मात्र दर उन्हाळ्यात.

चिरेबंदी:
कागदोपत्री, तुम्ही माझा अख्खा विभाग हलवलात. मी फ्लोट टाकीचा असं लिहिलं होतं, पण टाकीमागे दुसरं काम त्याच ओळीत असेल तर ते सात दिवस दोघांत मिळून असतात, एकाने वापरले की दुसऱ्याचे गेले. म्हणून टोटल फ्लोट आणि फ्री फ्लोट वेगळे: टोटल म्हणजे असे ओळीतले सामाईक दिवस, फ्री म्हणजे लगेच पुढच्या कामाला धक्का न लावता त्या एका कामाला वापरता येणारे. दोघांना दोन मराठी शब्द लागतील आता. 😩

शब्दवेल्हाळ:
समग्र कालावकाश आणि मुक्त कालावकाश. झालं.

हापूसप्रेमी:
पेटीचा मुद्दा मी सोडलेला नाही. इंग्रजी 'पेटी'वरून आला म्हणता, तर मग लोक 'पेटीवर काम घेतलं' असं का म्हणतात? किरकोळवर काम घेतलं, असं कोण म्हणेल?

निवृत्त ओव्हरसियर:
हे खरं आहे. आम्हीही 'पेटीवर दिलं' म्हणायचो.

शब्दवेल्हाळ:
'पेटी'चं नाम झाल्यावर विभक्ती लागणारच! बस मराठीत आली की 'बशीने' होतंच ना?

घाटमाथा:
आमच्याकडे 'बसनं'. बशीत चहा पितात.

चिरेबंदी:
कालच्या पावसाने साइट बंद, मुकादम घरी, म्हणून लांज्याच्या त्याच, होडीचं विचारणाऱ्या काकांकडे गेले. कागद नेलाच नाही. टाकी आणि भिंतीची गोष्ट तोंडी सांगितली आणि विचारलं, "या सात दिवसांना तुम्ही काय म्हणाल?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "सात दिवस हातचे हायत."

हातचे! घरी येईस्तोवर मी हसत होते.

आगोटकर:
वा! हाच. कुलूप लावा धाग्याला.

शब्दवेल्हाळ:
थांबा. 'हातचा' बेरजेत पुढच्या घरात न्यायचा असतो. टाकीचे न वापरलेले दिवस पुढच्या कामाला मिळतात का? टोटल फ्लोटमध्ये मिळतात, फ्री फ्लोटमध्ये नाही. मग तुमचे काका कुठल्या फ्लोटबद्दल बोलत होते?

कागदोपत्री:
आणि कोणाच्या हातचे, तेही विचारायला हवं होतं.

चिरेबंदी:
विचारलं की. म्हणाले, "माज्या. पन मालकाला सांगू नको."

बंदरकर:
😂 ह्या प्रबंधात घाल बाय, आसा तसा.

चिरेबंदी:
घालता नाही येत, सांगू नको म्हणालेत. तूर्त प्रश्नावलीत शब्दच ठेवला नाही. असं केलंय: 'हे काम किती दिवस मागे पडलं तरी पुढच्या कोणाचं अडणार नाही?' आणि पुढे रिकामी चौकट. सरांना लांब वाटतंय. प्रबंधात शब्द लागेलच, तेव्हा येते परत.

हापूसप्रेमी:
या जरूर. तोवर पेटीचं बघतो. सत्तरीतल्या एका चुलत्यांना फोन लावलाय, ते बांधकामातही होते आणि बागेतही.

निवृत्त ओव्हरसियर:
काय म्हणाले?

हापूसप्रेमी:
विचारलं, पेटी कुठून आली? म्हणाले, यंदा नाही आली अजून, किती डझनी हवी?