उसन्या गुणांवर वरचा वर्ग नको

एका पालकांनी विचारले आहे की, अमेरिकेतील विद्यापीठात निघालेल्या त्यांच्या मुलीने गणिताची प्लेसमेंट चाचणी घरी बसून मोठ्या भावाच्या मदतीने सोडवली, तर बिघडले कुठे? (आपल्याकडे प्लेसमेंट म्हटले की नोकरीच आठवते; येथे मात्र पहिल्या सत्रात गणिताच्या कोणत्या वर्गात बसायचे, एवढेच ठरते.)

सोलापुरात अकरावी-बारावीला गणित शिकवणारा म्हणून माझे मत आहे की, मदत अजिबात घेऊ नये. तेथील अनेक विद्यापीठे वापरतात ती अ‍ॅलेक्स ही संगणकावर द्यायची चाचणी जास्तीत जास्त ३० प्रश्नांची असते, आधीच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलते आणि बहुतांशी उत्तर स्वतः लिहायला लावते; त्यामुळे पर्यायांवरून उलटे जाण्याची आपली सीईटीतली सवय तेथे उपयोगी पडत नाही. आमची मुले इंटिग्रेशनची सूत्रे घडाघडा म्हणतात, पण ‘क्षचा वर्ग अधिक ९’ याचे वर्गमूळ ‘क्ष अधिक ३’ असे बिनदिक्कत लिहितात. क्षच्या जागी ४ घातले की खरे वर्गमूळ ५ येते आणि त्यांचे ७, हे फळ्यावर दाखवल्यावरच चूक पटते. ही कच्ची जागा भावाच्या मदतीने झाकली, तर मुलगी थेट कॅल्क्युलसच्या वर्गात बसेल आणि पहिल्याच चाचणीत तिथेच अडखळेल.

पहिला प्रयत्न तिने एकटीने द्यावा. पुन्हा चाचणी देण्याची मुभा सहसा असते आणि मधल्या काळात त्याच प्रणालीतील सरावही करता येतो; किती प्रयत्न मिळतील, हे मात्र त्या विद्यापीठालाच विचारावे.