कोल्हापूर, पाच जण, एक रविवार: क्रम कसा लावायचा?

डेक्कनकर
येत्या रविवारी पाच मित्र पुण्याहून एका गाडीने येतोय. शनिवारी रात्री मुक्काम, रविवारी रात्री परत. यादीत अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा, रंकाळा, मिसळ, तांबडा-पांढरा आणि चपला. एक जण शाकाहारी. काय आधी, काय नंतर आणि काय गाळावं?

गंगावेशकर
पन्हाळा गाळा. अंतर वीसेक किलोमीटरच आहे, पण तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, पुसाटी बुरुज नीट बघायचे तर तीन-चार तास लागतात. वर रविवारची गर्दी. तेवढ्यात शहर हातचं जातं.

सकाळी सहालाच देवीला जा. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून चालत निघा, महाद्वार रोडला गाडी घालायचा नाद नको. गाभाऱ्याची रांग लांब दिसली तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती भराभर सरकते. मूर्ती पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणूनच नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून थेट देवीपर्यंत पोचतात. त्या दिवसांत संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते.

बाहेर पडलात की भवानी मंडप, पुढं खासबाग मैदान. 1912 सालचं हे कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं. बसायची जागा उतरती आहे, त्यामुळं मागच्यालाही हौदातली, म्हणजे मधल्या मातीच्या आखाड्यातली कुस्ती स्वच्छ दिसते.

मग मिसळ. फडतरे उद्यमनगरात, बावडा मिसळ कसबा बावड्यात. न्यू पॅलेस बावड्याच्याच वाटेवर असल्यामुळं तुम्हाला बावडा सोयीची. दुपारपर्यंत थांबू नका, कट (मिसळीवरचा झणझणीत रस्सा) संपतो. इथं सोबत स्लाइस ब्रेड मिळतो. कट एकदम ओतू नका, फरसाणाचा लगदा होतो. थोडा थोडा घ्या.

न्यू पॅलेसला दीड तास धरा. 1877 ते 1884 मध्ये बांधलेला, आराखडा मेजर मँट यांचा. आत फोटो काढू देत नाहीत. परतताना भाऊसिंगजी रोडवरचं टाऊन हॉल म्युझियम लोक चुकवतात. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा ब्राँझचा छोटा पुतळा तिथंच आहे.

रस्सावाला
वरच्या भावाशी सहमत, फक्त जेवण साडेबाराला धरा. रविवारी एकनंतर नंबर लावून उभं राहावं लागतं.

पांढरा रस्सा आधी वाटीनं प्यायचा, भाकरी नंतर. मटण शिजलेल्या अळणी पाण्यात काजू, तीळ, खसखस आणि शेवटी नारळाचं दूध पडतं. दूध घातल्यावर जोरात उकळी आली की तो फुटतो. वाटीत कण आणि वर पाणी वेगळं दिसलं तर बिनधास्त परत द्या. तांबड्याचा रंग कोल्हापुरी चटणीचा, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचा. नुसता लाल पण चवीला पोकळ असेल तर समजा, तेल आणि रंगच जास्त. रस्से बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, म्हणून पहिल्याच वाटीत पोट भरू नका.

शाकाहारी गड्याला अख्खा मसूर आणि भाकरी सांगा. मात्र तांबडा-पांढरा नुसता 'मटण नको' म्हणून मागू नका, रश्शाचा पायाच मटणाच्या पाण्याचा असतो.

रंकाळाकाठ
दुपारी चपला. शिवाजी चौकाजवळची चप्पल लाइन. अस्सल चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. वास घेऊन बघा, रेक्झिनचा वास लपत नाही. किंचित घट्टच घ्या, चामडं आठवड्यात सैल पडतं. पहिल्या दिवशी त्याच घालून फिरू नका, अंगठा सोलून निघेल. भिजल्या तर सावलीत वाळवा, उन्हात कडक होऊन तडकतात.

संध्याकाळी रंकाळा, भेळ, आणि जाताना गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी समोरच पिळतात, ग्लास तिथंच रिकामा करायचा.

डेक्कनकर
पन्हाळा काढला. पांढरा रस्सा पार्सल घेतला तर पुण्यापर्यंत टिकेल का?

रस्सावाला
नाही. गरम डब्यात चार-पाच तासांत नारळाचं दूध आंबायला लागतं, आणि घरी पुन्हा उकळलात की फुटणारच. त्यापेक्षा कोरडी चटणी अर्धा किलो न्या.